नामंजुरीचं पत्र काळ्या ट्रंकेत ठेवू नका

माजी सैनिक बंधूंनो, आणि त्यांच्या घरातल्या वहिनींनो, मुलांनो,

रेकॉर्ड ऑफिसकडून आलेलं एक पानी पत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे. इंग्रजीत आहे, खाली कुठल्यातरी साहेबांची सही आणि गोल शिक्का. मजकूर एवढाच, की तुमचं अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, किंवा ते २० टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून अपंगत्व पेन्शन देता येत नाही. हे वाचून माणूस दोन दिवस कुणाशी बोलत नाही. मग ते पत्र डिस्चार्ज बुकाबरोबर काळ्या ट्रंकेत जातं. त्याच पत्राच्या शेवटी बहुधा आणखी एक ओळ असते: निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. ती ओळ कुणी वाचत नाही.

माझी पलटणीतली नोकरी क्लार्कची. अशी पत्रं टाइप होताना मी पाहिली आहेत आणि निवृत्तीनंतर गावाकडे बसून ती लोकांना वाचूनही दाखवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, ही नामंजुरी म्हणजे पहिल्या पायरीवरच्या एका माणसाचं मत आहे. त्याच्या वर आणखी तीन पायऱ्या आहेत. पण त्या चढायच्या तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुमच्या दाव्याचा निकाल मेडिकल बोर्डाच्या कागदावरच्या दोन नोंदींवर ठरतो: जखमेचा सेवेशी संबंध आहे का, आणि अपंगत्व किती टक्के. या दोन्ही नोंदी न बघता लिहिलेलं अपील कितीही कळवळून लिहिलेलं असो, ते बाजूला पडतं.

यात मला मुख्यतः बोलायचं आहे ते जखमांच्या व्रणांबद्दल. बीपी, शुगर, मणक्याची गादी यांच्यावर माजी सैनिकांच्या मेळाव्यांत पुष्कळ चर्चा होते. व्रणांबद्दल माणूस बोलत नाही. उंचावरच्या बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीनं भाजलेला हात, हिमदंशात गेलेली पायाच्या बोटांची टोकं, मांडीत राहून गेलेला स्प्लिंटर, हनुवटीपासून कानापर्यंत गेलेली शिवण. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भरलं की ते कवाच." हेच उत्तर आपण बोर्डासमोर हिंदीत देतो. डॉक्टर साहेब विचारतात, हात कसा आहे? आपण छाती काढून म्हणतो, "ठीक है, साहब." पंधरा-वीस वर्षं तेच म्हणायला शिकवलेलं असतं, त्यात तुमचा दोष नाही. पण साहेब लिहितात, जखम भरलेली, हालचाल समाधानकारक, ११ ते १४ टक्के. आणि २० च्या खाली गेलं की पूर्ण नोकरी करून आलेल्या माणसाला अपंगत्वाचा एक रुपया मिळत नाही.

व्रण दिसायला केवढा आहे याला बोर्डाच्या हिशेबात फारसा अर्थ नसतो. त्यानं काय अडतं ते मोजलं जातं. कोपरावर भाजल्याचा व्रण आखडला असेल तर हात किती अंशांपर्यंत सरळ होतो? तळव्यावरचा व्रण असेल तर किती अंतर चाललं की भेगा पडतात, रक्त येतं? हिमदंश झालेल्या बोटांना थंडीत बधिरपणा येतो की आग होते? शर्टाचं बटण लावता येतं का, पाण्याची बादली उचलता येते का, मांडी घालून जेवायला बसता येतं का? व्रण जाड होऊन वर आला असेल, खाजत असेल, कपडा घासला तरी कळ येत असेल, तर तेही सांगायचं. आणि व्रणाच्या मागोमाग जे आलं तेही: स्फोटानंतर एका कानानं कमी ऐकू येणं, लंगडून चालल्यामुळे दुसऱ्या गुडघ्यावर आणि कमरेवर आलेला ताण, रात्री दचकून उठणं. चेहऱ्यावरच्या खुणेमुळे लग्नकार्याला जायचं टाळणारे लोक मला माहीत आहेत. हे सांगायला लाज वाटते हे खरं, पण बोर्डाला तुमच्या मनातलं वाचता येत नाही.

आता कामाचं सांगतो. पहिलं काम म्हणजे बोर्डाची प्रत मिळवणं. नोकरी पूर्ण करून आलात तर रिलीज मेडिकल बोर्ड झालेला असतो, मुदतीआधी अपंगत्वामुळे घरी पाठवलं, म्हणजे बोर्ड आउट केलं असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. दोन्हींची कारवाई एएफएमएसएफ-१६ नावाच्या फॉर्मवर होते. प्रत नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराखाली अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचे असाल तर बेळगाव, महार रेजिमेंटचे असाल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्स असाल तर खडकी, तोफखान्याचे असाल तर नाशिक रोड कॅम्प. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्जात आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख लिहा, आणि तीन गोष्टी मागा: बोर्डाची संपूर्ण कारवाई, जखमेचा इंज्युरी रिपोर्ट, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचा निष्कर्ष. "माझे सर्व कागद द्या" असं लिहू नका, त्याला "कोणते ते स्पष्ट करा" असं उत्तर येतं आणि महिना जातो.

हे काम लांबवू नका. ज्यांना कुठलंच पेन्शन नाही अशा माणसांचे सेवा-कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात. बोर्ड आउट होऊन विनापेन्शन घरी आलेल्यांना याचा सर्वात मोठा फटका बसतो, आणि नेमके तेच लोक सगळ्यात उशिरा येतात.

प्रत हातात आली की शेवटच्या पानांवर बोर्डाचं मत शोधा. तिथं प्रत्येक अपंगत्वासमोर लिहिलेलं असतं: सेवेमुळे आलेलं आहे का, सेवेमुळे वाढलेलं आहे का, आणि त्याची कारणं. पुढे टक्केवारी, आणि ती किती काळासाठी. एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर सगळ्यांची मिळून एकत्रित टक्केवारी असते. ती साधी बेरीज नसते, २० आणि २० मिळून ४० होतीलच असं नाही, त्यामुळे नुसत्या बेरजेवर भांडायला जाऊ नका. पण एखादं अपंगत्व मोजायचंच राहिलं आहे का, हे मात्र जरूर बघा. हाताचा व्रण लिहिला आणि त्याच स्फोटातला कान लिहिला नाही, असं होतं.

पहिली नोंद, संबंधाची. जखमेच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६ नंबरचा. त्यात तुमचा कमांडिंग ऑफिसर लिहितो की माणूस ड्यूटीवर होता की नव्हता. हा रिपोर्ट असेल आणि त्यात 'ऑन ड्यूटी' असं असेल, तरीही बोर्डानं संबंध नाकारला असेल, तर तुमचं अपील निम्मं तिथंच उभं राहिलं. रिपोर्ट नसेल तर हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, जखमी झाल्याची पार्ट टू ऑर्डर, बॅटल कॅज्युअल्टीचा सिग्नल, त्या वेळी बरोबर असलेल्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं. सोबत्याचं प्रतिज्ञापत्र घेताना त्याला तारीख, ठिकाण आणि त्यानं स्वतः काय पाहिलं तेवढंच लिहू द्या. "अत्यंत शूर व कर्तव्यदक्ष जवान" या ओळीचा काही उपयोग होत नाही.

जखमेऐवजी आजार असेल, म्हणजे त्वचेचा विकार, फिट्स, मानसिक त्रास, तर अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांखाली येणाऱ्या जवानांच्या बाजूनं कायदा बराच भक्कम आहे. भरतीच्या वेळी तपासून, निरोगी म्हणून घेतलं, कागदावर कुठल्या आजाराची नोंद केली नाही, तर नंतर आलेला आजार सेवेतच आला असं धरायचं, आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा, असं ते नियम सांगतात. सिग्नल कोअरमधल्या एका शिपायाच्या प्रकरणात, धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये हे ठामपणे मांडलं. बोर्डानं "शरीरप्रकृतीमुळे" असा शिक्का मारून चालणार नाही, भरतीच्या वेळी तो आजार का सापडू शकला नसता याची कारणं दिली पाहिजेत. तुमच्या बोर्डाच्या कागदावर कारणाच्या जागी एकच ओळ असेल तर अपिलात या निकालाचं नाव लिहा. १ जानेवारी २००८ पासून सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी नियमांची भाषा बदलली, आणि निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. उशीर करू नका म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण.

रजेवरच्या जखमांबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. रजेवर जाताना किंवा परत येताना प्रवासात झालेला अपघात सेवेशी जोडला जाऊ शकतो, तसा निकाल १९९९ चा आहे. पण गावी पोचल्यावर विहिरीच्या कठड्यावरून पडला, जत्रेत मोटारसायकल घसरली, नातेवाइकांकडे जिन्यावरून कोसळला, तर सर्वोच्च न्यायालयानं २०१५ पासून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की सेवेशी काही धागा असल्याशिवाय नुसत्या "मी नोकरीत होतो" एवढ्यावर पेन्शन नाही. असं प्रकरण असेल तर वकिलाला पैसे देण्याआधी दहादा विचार करा.

दुसरी नोंद, टक्केवारीची. इथं दोन प्रकारचे लोक वेगळे करावे लागतात. मुदत पूर्ण करून, वयानुसार निवृत्त झालेल्याला २० टक्के लागतातच. त्याला १५ ते १९ टक्के लिहून मिळाले असतील तर त्याची लढाई मोजणीची आहे. मुदतीआधी अपंगत्वामुळे घरी पाठवलेल्याचं तसं नाही. सुखविंदर सिंग प्रकरणात जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की ज्याला फौजेनं अपंगत्वापायी बाहेर काढलं त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वर होतं असंच समजावं लागेल. कामाला चालत नाही म्हणून काढायचं आणि पेन्शनच्या वेळी किरकोळ आहे म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही. "लो मेडिकल कॅटेगरी आहे, शेल्टर्ड अपॉइंटमेंट उपलब्ध नाही" असं लिहून ज्यांना डिस्चार्ज दिला, तेही १९८२ च्या नियमांप्रमाणे बोर्ड आउट झालेलेच धरले जातात. डिस्चार्ज बुकात कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते काढून बघा. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते स्वतःला "घरी बसवलेला" एवढंच समजतात.

मोजणीच्या लढाईसाठी पुरावा नवा लागतो. सिव्हिल हॉस्पिटल, ईसीएचएसशी जोडलेलं हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजमधल्या अस्थिरोग वा प्लास्टिक सर्जनकडून सांध्याची हालचाल अंशांत मोजून घ्या, दोन्ही हातांची किंवा दोन्ही पायांची, म्हणजे तुलना दिसते. बधिरपणा असेल तर नसांची तपासणी. व्रणाचे फोटो उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, तारखेसह. हिमदंशाचा त्रास थंडीत दिसतो, तेव्हा फोटो आणि तपासणी डिसेंबर-जानेवारीत करा, मे महिन्यात नाही. एक सावधगिरी: दिव्यांग प्रमाणपत्र, ज्यावर ४० टक्क्यांची अट असते, ते वेगळ्या कायद्याचं, २०१६ च्या. ते एसटीच्या सवलतीला आणि मुलांच्या अर्जांना उपयोगी पडेल, लष्करी बोर्डावर ते बंधनकारक नाही. जोडा जरूर, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका.

अपिलात पुन्हा तपासणीसाठी लष्करी हॉस्पिटलला बोलावलं तर जा. त्या दिवशी गोळी खाऊन, इस्त्रीचे कपडे घालून, कडक सॅल्यूट ठोकून आत जाऊ नका. आहे तसं जा. दुखतं तिथं दुखतं म्हणा. नाटकही करू नका, डॉक्टरांनी तुमच्यासारखे हजार पाहिलेले असतात आणि खोटं लंगडणं त्यांना दारातून कळतं. २०२३ मध्ये कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं, अपंगत्व पेन्शनच्या वाटपावर बोट ठेवलं, अधिकाऱ्यांत तिचं प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं, तेव्हापासून सगळे जण अधिक डोळ्यांत तेल घालून बघतात. माझं स्पष्ट मत आहे की या कडकपणाची झळ बसते ती खऱ्या जखमेच्या, कमी शिकलेल्या शिपायाला. मेजर साहेबांना फॉर्म भरायला कुणी लागत नाही.

पैशांचा हिशेब मुद्दाम मांडतो, म्हणजे कशासाठी भांडायचं ते समजेल. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के अपंगत्व-भाग मिळतो, टक्केवारी कमी तसा तो कमी. शेवटचा पगार ५०,००० धरला तर शंभर टक्क्यांना १५,०००, आणि ३० टक्के अपंगत्वाला ४,५००. पण ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रानं टक्केवारी वर नेऊन धरण्याची सोय केली: ५० च्या खालचं ५० धरायचं, ५० ते ७५ मधलं ७५, त्याच्या वरचं १००. आधी ही सोय फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होती. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं ती मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही मिळाली. म्हणजे वरच्या उदाहरणात ४,५०० चे ७,५०० होतात, वर महागाई भत्ता. जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अजून २० किंवा ३० टक्केच छापलेले असतील, दुरुस्तीचा कॉरिजेंडम पीपीओ निघालेला नसेल, तर तुमचं प्रकरण सगळ्यात सोपं आहे. त्यासाठी नवा बोर्डही लागत नाही.

आणि जखम कुठं आणि कशी झाली त्यावरून वर्ग ठरतो. साध्या ड्यूटीवरचा अपघात वेगळा, युद्ध-जखम वेगळी. युद्ध-जखम मानली गेली तर मुदत पूर्ण करून आलेल्याला ३० च्या जागी ६० टक्के दर लागतो, आणि बोर्ड आउट झालेल्याला पूर्ण पगाराच्या हिशेबानं. वरच्या उदाहरणातले ७,५०० इथं १५,००० होतात. २००१ च्या त्याच पत्रात युद्ध-जखमेच्या यादीत शत्रूची गोळी आहेच, शिवाय सुरुंग पेरताना वा काढताना झालेला स्फोट आहे, सरकारनं अधिसूचित केलेल्या मोहिमा आहेत, आणि जिवंत दारूगोळ्यावरचा बॅटल इनॉक्युलेशनचा सरावसुद्धा आहे. सरावात छर्रे लागलेल्या कितीतरी जणांनी "लढाई कुठं होती, सराव होता" म्हणून साध्या वर्गावर समाधान मानलं आहे. आपली जखम कोणत्या वर्गात टाकली आहे ते पीपीओवर बघा.

पायऱ्या अशा. नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, पहिल्या अपील समितीकडे, आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं, वरच्या समितीकडे. तिथंही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, जे २००७ च्या कायद्यानं आलं आणि २००९ पासून चालू आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे, आणि निवृत्त माणूस जिथं राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो. रेकॉर्ड ऑफिस सागरला असलं म्हणून सागरला किंवा दिल्लीला खेटे घालायची गरज नाही. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथं जायचं असतं. उशीर झाला तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो.

"साहेब, माझं पत्र १९९४ चं आहे, आता काय?" हा प्रश्न हमखास येतो. पेन्शन दर महिन्याला मिळायची असते, म्हणून ती न मिळणं हा दर महिन्याचा अन्याय धरतात. तरसेम सिंग निकालानं २००८ मध्ये हे मान्य केलं, पण थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे दरवाजा बंद नाही, मात्र उशिराचं प्रत्येक वर्ष खिशातून जातं. आणि त्या काळच्या नामंजुरींत एक खास गोष्ट तपासा. बोर्डानं संबंध मान्य केला होता, टक्केही दिले होते, पण अलाहाबादच्या हिशेब कार्यालयातल्या वैद्यकीय सल्लागारानं तुम्हाला न पाहताच ते खोडले, असं झालं आहे का? १९९३ च्या मोहिंदर सिंग निकालानुसार तसं करता येत नाही. अपंगत्व कायमचं असताना दोन किंवा पाच वर्षांपुरतंच देऊन नंतर बंद केलं असेल, तर तेही उकरून काढण्यासारखं आहे.

२१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त झालेल्या धाकट्या बंधूंना नवे नियम लागू आहेत. मुदत पूर्ण केलेल्यांसाठी तिथं 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं नाव आहे. काकाचं अपील बघून जसंच्या तसं उतरवू नका. आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांना एवढंच सांगतो: बोर्डाच्या फॉर्ममधलं स्वतःचं निवेदन क्लार्कनं भरून पुढे सरकवलं तरी वाचल्याशिवाय सही करू नका. त्रास कधी आणि कुठं सुरू झाला, या प्रश्नाला "२०१९, घरी" असं लिहिलेलं असतं, कारण तेव्हा तुम्ही रजेवर असताना डॉक्टरकडे गेलेला असता. खरी सुरुवात सीमेवर तंगधारला झाली असेल तर तंगधार लिहा.

अपिलाचं पत्र एक-दीड पानाचं पुरे. आधी मराठीत लिहा, मग हिंदी किंवा इंग्रजी करून घ्या. साधारण असं: "अमुक तारखेला अमुक ठिकाणी ड्यूटीवर असताना सुरुंगाच्या स्फोटात माझ्या उजव्या हाताला जखम झाली. इंज्युरी रिपोर्टमध्ये मी ड्यूटीवर होतो असं नमूद आहे, प्रत जोडली आहे. बोर्डानं अपंगत्व १५ ते १९ टक्के धरलं, पण कोपराची हालचाल मोजल्याची नोंद कारवाईत नाही. सोबतच्या तपासणीनुसार कोपर इतक्या अंशांपुढे सरळ होत नाही. त्याच स्फोटातला उजव्या कानाचा बहिरेपणा बोर्डानं विचारात घेतलेला नाही. फेरतपासणी करून अपंगत्व ठरवावं ही विनंती." एवढंच. घरची गरिबी, मुलीचं लग्न, कर्ज हे सगळं खरं असेल, पण ते ज्या टेबलावर जाणार तिथं त्याला रकाना नाही. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि एक प्रत जपून ठेवा.

एजंटांपासून सावध राहा. "मिळेल त्यातले तीस टक्के द्या" म्हणणारे कॅन्टीनच्या बाहेरच भेटतात. वकिलानंसुद्धा निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तसं मागणारा वकील असेल तर उठून या. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही नको, मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्या हाती नको. त्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथला कल्याण संघटक बहुधा आपल्यातलाच माजी सैनिक असतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिच्यात सैनिक बोर्डांमध्ये मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत. तुमच्या जिल्ह्यात ते सुरू झालं आहे का, विचारा. झालं नसेल तर का नाही, हेही विचारा.

जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात का जातं, असा राग पुष्कळांना येतो आणि तो रास्त आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिनं अशा खटल्यांवर कडक शब्दांत लिहिलं. तरी अजूनही अपंगत्वाच्या निकालांविरुद्ध सरकार उच्च न्यायालयांत जातं. न्यायाधिकरणात जिंकलात तर लगेच घराची पायाभरणी करू नका, पैसे खात्यात येईपर्यंत थांबा.

दोन गोष्टी पेन्शनच्या नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाजल्याचा जुना व्रण वर्षानुवर्षं शांत असून अचानक फुटला, आणि तीन-चार आठवड्यांत भरत नसेल, तर मलम लावत बसू नका. अशा व्रणात क्वचित कर्करोग होतो, तुकडा काढून तपासावा लागतो. आणि अंगात स्प्लिंटर राहिला असेल तर एमआरआयच्या आधी तिथल्या माणसाला आठवणीनं सांगा. त्या यंत्राचं चुंबक फार जोरदार असतं.

वहिनींसाठी वेगळं सांगायचं राहिलं. दावा चालू असताना पती गेले तर दावा संपत नाही. त्यांच्या हयातीतली थकबाकी वारसांना मिळते, आणि प्रकरण तुम्ही पुढे चालवू शकता. त्यासाठी मृत्यूचा दाखला, पीपीओ, तुमचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये नोंदलं आहे याचा पुरावा आणि जुन्या अपिलाची पोच लागते. लग्नानंतरचं नाव आणि रेकॉर्डमधलं नाव वेगळं असेल, तर ती दुरुस्ती सगळ्यात आधी सुरू करा, तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि मृत्यू त्याच जखमेमुळे किंवा तिच्यातून वाढलेल्या त्रासामुळे झाला असेल, तर दाखल्यावर नुसतं "हृदयक्रिया बंद पडून" असं लिहू न देता डॉक्टरांना मूळ कारणाच्या ओळीत ती जखम लिहायला सांगा. नेहमीच्या कुटुंब पेन्शनपेक्षा वरच्या दराची विशेष कुटुंब पेन्शन मागायची झाली तर पहिल्यांदा तीच ओळ बघतात.